अस्ताना, नुर-सुलतान, पुन्हा अस्ताना

परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी कझाकस्तानच्या २०२२ च्या निवडणुकीची जुनी बातमी टाकली. विजयी उमेदवाराला ८१ टक्के मतं. खाली लगेच मामांचा शेरा, "कसले लोक गं तुझ्याकडचे! तीस वर्षं एकच माणूस, मग त्यानेच बसवलेला दुसरा. मेंढरं नुसती." मग हसणाऱ्या तोंडांची रांग. मी उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की ग्रुपवर टाकायच्या लायकीचं राहिलं नाही, म्हणून इथे लिहितेय. मामा, तुम्हीही वाचा, पण रागावू नका. मला मात्र राग आलाय.

मी अल्माटीत राहते, एका औषध कंपनीची नोंदणीची कागदपत्रं बघते. हा देश कुठे आहे, थंडी किती पडते हे सांगत बसत नाही. तुमच्यापैकी अनेकांचा भाचा, पुतणी किंवा शेजारचा मुलगा इथे एमबीबीएस करून गेलाय. त्या मुलांना दिसत नाही ते सांगते. इथली माणसं सरकारचं ऐकून घेतात, टाळ्या वाजवतात, आणि त्यातलं नेमकं किती खरं मानायचं ते घरी येऊन ठरवतात.

१९ मार्च २०१९ ची संध्याकाळ. नाउरीझला, म्हणजे इथल्या नववर्षाला, दोन दिवस उरले होते. मी शेजारच्या आपायकडे बसले होते. आपाय म्हणजे मोठी बहीण, मावशी, शाळेतल्या बाई, सगळंच. या निवृत्त इतिहास शिक्षिका आहेत. टीव्हीवर राष्ट्राध्यक्ष नुरसुलतान नझरबायेव आले, देशाला उद्देशून बोलले आणि कॅमेऱ्यासमोरच राजीनाम्याच्या हुकमावर सही केली. १९८९ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे प्रथम सचिव झालेला हा माणूस. सोव्हिएत संघ गेला, पक्ष गेला, रुबल गेला, हे राहिले. त्या पिढीतल्या माणसाला हे बघताना काय वाटत असेल म्हणून मी आपायच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणाल्या, "जात कुठेच नाहीत, बालाम (बाळा). चहा घे."

त्यांचं बरोबर होतं. २०१० च्या कायद्याने मिळालेला 'एल्बासी', म्हणजे राष्ट्रनेता, हा किताब त्यांच्याकडेच राहिला. देशाच्या सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद २०१८ च्या कायद्याने तहहयात. सत्ताधारी नुर ओतान पक्षही त्यांच्याच हाती. दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, कासिम-जोमार्त तोकायेव यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि त्याच भाषणात राजधानी अस्तानाला माजी राष्ट्राध्यक्षांचं नाव द्यायची सूचना केली. संसदेने त्याच दिवशी ती मंजूर केली. नझरबायेवांची मुलगी दारिगा त्याच दिवशी सिनेटच्या अध्यक्ष झाल्या. २३ तारखेला नामांतरावर सही. शहरात राहणाऱ्या कुणाला विचारलं गेलं नाही. नाउरीझच्या सुट्टीत निषेधाला उतरलेल्यांना पोलिसांनी उचललं.

या नामांतराचा मला जो ताप झाला तो मी सविस्तर सांगणार आहे. सरकारची विचारसरणी माझ्यासारखीच्या वाट्याला येते ती अशा कागदांतूनच.

औषधाची नोंदणी करायची तर भारतातल्या कारखान्याने इथल्या प्रतिनिधीला मुखत्यारपत्र द्यावं लागतं. ते तिकडे नोटरी होतं, त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, लागतं, मग कुरियरने इकडे येतं. इथे त्याचं रशियन आणि कझाक भाषांतर होतं. मग नोटरीबाई मूळ कागद आणि भाषांतर एकत्र धरून दाभणाने भोकं पाडतात, धागा ओवून शिवतात, मागे गाठ मारून तिच्यावर कागदाचा तुकडा चिकटवतात आणि निम्मा तुकड्यावर, निम्मा पानावर येईल असा शिक्का मारतात. धागा सुटला की कागद बाद. अशा शिवलेल्या फाइलींचा गठ्ठा माझ्या टेबलावर तयार होता आणि प्रत्येकीत 'अस्ताना' लिहिलेलं होतं. नागरिकांना जुनी ओळखपत्रं बदलायची सक्ती नव्हती, तसं जाहीरही झालं होतं. पण मी गेले त्या कचेरीतल्या खिडकीमागच्या बाईंनी पत्त्यावर बोट ठेवलं आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "असं शहर आता नाही." त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवरच्या नकाशात ते शहर अस्ताना या नावानेच होतं. मी बोट दाखवलं. त्यांनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. पुन्हा भारतात मेल, पुन्हा नोटरी, अपोस्टिल, कुरियर, भाषांतर, धागा, शिक्का. लेटरहेड नवी, पाकिटं नवी, रबरी शिक्के नवे. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये शहर पुन्हा अस्ताना झालं, तेव्हा हे सगळं उलट्या दिशेने.

मी तर बाहेरची. त्या शहरात १९६० च्या आधी जन्मलेल्या माणसाचा विचार करा. जन्म अकमोलिन्स्कमध्ये. १९६१ मध्ये ख्रुश्चेवच्या पडीक जमीन नांगरण्याच्या मोहिमेमुळे गावाचं त्सेलिनोग्राद झालं. १९९२ मध्ये अकमोला. १९९७ च्या डिसेंबरात राजधानी अल्माटीहून तिथे गेली, १९९८ मध्ये अस्ताना. २०१९ मध्ये नुर-सुलतान. २०२२ मध्ये अस्ताना. एकाच घरात राहून त्याने पाच वेळा पत्ता बदलला. विमानतळाचा कोड २०२० पर्यंत टीएसईच होता, त्सेलिनोग्रादचा. देश स्वतंत्र होऊन तीसेक वर्षं होत आली तरी तो बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं. मग तो एनक्यूझेड झाला. शहराला जुनं नाव परत मिळालं, पण अल्माटीहून तिकडे जाताना माझ्या बोर्डिंग पासवर अजून एनक्यूझेडच छापून येतं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे काय वेगळं? औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालंच ना? झालं. पण ती मागणी १९८८ पासून जाहीर सभांमधून होत होती. तिच्यावर निवडणुका लढवल्या गेल्या, भिंती रंगल्या, घराघरांत भांडणं झाली. केंद्राची मंजुरी आली २०२३ मध्ये. विरोध करणारे उच्च न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयात गेले. हरले, पण तोंड उघडून बोलले आणि घरी गेले. नामांतर योग्य की अयोग्य यावर तुमचं माझं पटणार नाही, तो वाद आज नको. पस्तीस वर्षं भांडून बदललेलं नाव आणि एका दिवसात बदललेलं नाव यांत फरक आहे, आणि मला माझ्या महाराष्ट्राचं भांडकुदळपण इथे बसून फार मोलाचं वाटतं. शिवाय आपण जिवंत माणसाचं नाव राजधानीला दिलेलं नाही. (स्टेडियमला दिलंय, हे मला माहीत आहे. स्टेडियममध्ये कुणी राहत नाही.)

तर आपाय. त्यांच्या काचा लावलेल्या बाल्कनीत, खारवलेल्या काकड्यांच्या बरण्यांमागे, त्यांनी शिकवलेली सगळी पाठ्यपुस्तकं ठेवलेली आहेत. एकदा नातीच्या गृहपाठावरून विषय निघाला. 'न्यायी कझाकस्तान' या सरकारी घोषणेवर तक्ता करून न्यायचा होता, आणि मुलगी आजीला मुद्दे विचारत होती. आपाय उठल्या, बरण्या बाजूला केल्या आणि पुस्तकं आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओळीने मांडली.

सोव्हिएत काळातलं पुस्तक त्यांनी बरोबर त्या पानावर उघडलं. १९३० च्या सुमारास शेती सामूहिक झाली, भटके पशुपालक स्थिर झाले, उत्पादन वाढलं, असा सगळा गौरव. त्या वर्षांत जनावरं काढून घेतल्यामुळे कझाकस्तानात सुमारे १५ लाख माणसं उपासमारीने मेली. पुस्तकात त्याची एक ओळ नाही. आपायच्या आजोळची माणसं त्यात गेली. त्यांची आई जमिनीवर पडलेला नानचा तुकडा उचलून कपाळाला लावायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपाय वर्गात उभ्या राहून त्या सामूहिक शेतीचं यश शिकवायच्या. वर्गातल्या बहुतेक मुलांच्याही घरी तेच घडलेलं. शिकवणारीला माहीत, ऐकणाऱ्यांना माहीत, आणि घंटा होईपर्यंत सगळे वहीत लिहून घेत. पुढे स्वातंत्र्यानंतरच्या पुस्तकात दुष्काळ आला, ३१ मे हा स्मरणदिन झाला, अस्तानात स्मारक उभं राहिलं. तो धडा पहिल्यांदा शिकवताना आपल्याला पाणी प्यायला थांबावं लागलं, असं त्या म्हणाल्या. मी यावर काही बोलले नाही. कुणीच बोललं नाही.

मामा, जिच्या हातून असं पुस्तक गेलंय ती बाई पुढचं कुठलं पुस्तक डोळे मिटून खरं मानेल?

आणि पुढे पुस्तकं काय कमी आली? १९९७ मध्ये 'कझाकस्तान-२०३०' हा सरकारी कार्यक्रम, त्यात देशाला हिमबिबट्या म्हटलेलं. २०१२ मध्ये, २०३० उजाडायला अठरा वर्षं असताना, ती उद्दिष्टं मुख्यतः गाठली असं सांगून 'कझाकस्तान-२०५०' आलं. २०१४ मध्ये 'मांगिलिक येल', चिरंतन राष्ट्र. एप्रिल २०१७ मध्ये 'रुखानी झांगिरू', आत्मिक नूतनीकरण, राष्ट्राध्यक्षांच्या सहीच्या लेखाने सुरू झालेलं. त्यातच कझाक भाषा लॅटिन लिपीत न्यायचं ठरलं. एक नमुना ऑक्टोबर २०१७ मध्ये आला, अक्षराअक्षराला अपॉस्ट्रॉफी लावलेला, लोकांनी त्यावर इतकी टीका केली की काही महिन्यांत तो बदलावा लागला. तोकायेव आल्यावर २०१९ मध्ये 'ऐकणारं सरकार'. २०२२ मध्ये 'नवा कझाकस्तान'. मग 'न्यायी कझाकस्तान'. आता 'ताझा कझाकस्तान', स्वच्छतेचं. १९९५ च्या राज्यघटनेच्या पाचव्या कलमात लिहिलं होतं की देशात वैचारिक विविधता मान्य आहे. प्रत्यक्षात शाळेच्या दर्शनी भिंतीवर एका वेळी एकच विचार लावलेला असतो, आणि तो बदलला की आधी फलक बदलतो.

शिक्षकांना मात्र प्रत्येकाचा अहवाल द्यावा लागतो, फोटोंसह. वसंतात झाडं लावायचा कार्यक्रम शाळेत होतोच, सोव्हिएत काळापासून होतो. २०१८ मध्ये तो रुखानी झांगिरूच्या रकान्यात गेला, आता ताझा कझाकस्तानच्या रकान्यात जातो. तेच खड्डे, तीच मुलं, तेच फोटो. सेवेत असलेल्या एका तरुण शिक्षिकेने हे मला सांगितलं तेव्हा तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, दमलेपण होतं. झाडं तरी लागतात, असं ती म्हणाली. मला ते पटतं. नातीचा तक्ताही शेवटी आपायनी बसून पूर्ण करून घेतला, सुबक अक्षरात, आणि वर बजावलं की न्यायावर लिहायचं तर आपल्या घटनेतलं तिसरं कलम लिही: राज्याच्या सत्तेचा एकमेव उगम जनता आहे.

हे कलम त्यांनी उगीच निवडलं नव्हतं. २०१९ च्या वसंतात अल्माटीत एका कलाकाराने नेमकं हेच वाक्य फलकावर लिहून टांगलं आणि त्याला पाच दिवसांची कोठडी झाली. त्याआधी अल्माटीच्या मॅरेथॉनच्या मार्गावर एका तरुणीने आणि एका तरुणाने 'सत्यापासून पळून जाता येत नाही' असा फलक लावला, त्यांना पंधरा दिवस. मे महिन्यात उराल्स्कमध्ये एक मुलगा चौकात पूर्ण कोरा कागद हातात धरून उभा राहिला, कोऱ्या कागदासाठी धरतात का ते बघायला. धरलं. ही तुमची मेंढरं! ९ जूनला निवडणूक झाली, तोकायेवांना सुमारे ७१ टक्के मतं मिळाली, आणि त्याच दिवशी अल्माटीत आणि राजधानीत शेकडो लोकांना बसमध्ये घालून नेलं. माझ्या ओळखीची एक मुलगी त्यात होती. ती दुसऱ्या आठवड्यात कामावर आली आणि कुणीही तिला काही विचारलं नाही, पण तिच्या टेबलावर दिवसभर कुणी ना कुणी खाऊ ठेवून जात होतं.

जानेवारी २०२२ तुम्हाला आठवत असेल, कारण तेव्हा तुमचे सगळ्यांचे जीव टांगणीला लागले होते. पश्चिमेकडच्या झानाओझेन या तेलाच्या गावात गाडीच्या गॅसचा भाव लिटरला ६० तेंगेवरून (तेंगे म्हणजे इथलं चलन) १२० झाला, २ तारखेला लोक रस्त्यावर आले, आणि पाच तारखेला अल्माटीचं महापालिकाभवन जळत होतं. तल्दिकोर्गानमध्ये नझरबायेवांचा पुतळा दोर लावून पाडला. घोषणा होती 'शाल, केत!' म्हातारबा, चालते व्हा. इंटरनेट बंद, त्यामुळे कार्ड बंद, फोनवरचे पैसे बंद, रोख कुणाकडे नाही. गोळ्यांचे आवाज येत होते. आपायनी दार वाजवलं, पिठाची पिशवी आणि नोटांचं पुडकं हातात दिलं, आणि म्हणाल्या, घराबाहेर पडायचं नाही, खिडकीशी उभं राहायचं नाही, माझ्याकडे कायम रोख असते. त्या बाईने १९९० च्या दशकात शाळेचा पगार महिनोन्महिने मिळाला नव्हता तेही बघितलं होतं. सात तारखेला तोकायेवांनी टीव्हीवरून इशारा न देता गोळ्या झाडायचा हुकूम दिल्याचं सांगितलं. सरकारी आकडा २३८ मृत.

त्यानंतर जे झालं ते झपाट्याने. नझरबायेव सुरक्षा परिषदेतून गेले, आणि दोनेक आठवड्यांनी एका चित्रफितीत येऊन मी आता निवृत्तिवेतनधारक आहे असं सांगितलं. नुर ओतान पक्षाचं नाव 'अमानात' झालं. जूनच्या सार्वमतात घटनेतून त्यांचा खास दर्जा काढला गेला, ७७ टक्के लोक हो म्हणाले. १ डिसेंबरची 'पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या दिना'ची सुट्टी रद्द झाली. राजधानीला नाव परत मिळालं. पण विमानतळ त्यांच्याच नावाचा, विद्यापीठ त्यांच्याच नावाचं, आमच्या अल्माटीतला मुख्य रस्ताही, ज्याला जुनी माणसं अजून फुर्मानोवाच म्हणतात. आणि खुर्च्यांवर बरीचशी तीच माणसं, ज्यांनी २० मार्च २०१९ ला हात वर केले होते.

मला नझरबायेवांचंही एकतर्फी सांगायचं नाही. आपायही सांगत नाहीत. १९९१ मध्ये सेमिपलातिन्स्कचं अणुचाचणी केंद्र बंद केलं, जिथे ४५० हून जास्त चाचण्या झाल्या होत्या. इतक्या जातीजमातींच्या देशात यादवी होऊ दिली नाही. बोलाशाक शिष्यवृत्तीवर हजारो मुलं परदेशी शिकली. याचं श्रेय त्या न मागता देतात, आणि त्याच दमात २०११ मध्ये झानाओझेनच्या संपकऱ्यांवर झालेल्या गोळीबाराचाही हिशेब मांडतात.

तुम्ही विचाराल, आणि तू? मी कुठल्याही फलकामागे उभी राहिलेली नाही. माझा कामाचा परवाना दर वेळी नूतनीकरणाला जातो, परदेशी माणसाने इथल्या राजकारणात पडू नये असा कायदा आहे, आणि माझ्या पगारावर पुण्यातलं घर चालतं. पाहुण्याने यजमानाच्या घरातल्या भांडणात बोलू नये, असं मला वाटतं. आणि पुण्यात होते तेव्हा तरी मी कुठल्या मोर्चाला गेले होते? मी निदान बघते, लक्षात ठेवते, आणि तुम्हाला सांगते.

आपाय मात्र दर वेळी मत द्यायला जातात. जून २०२२ च्या सार्वमतात त्यांनी 'हो' वर खूण केली. पाच महिन्यांनी निवडणूक झाली, जिच्या ८१ टक्क्यांवर तुम्ही सगळे हसलात, तेव्हा 'सर्वांच्या विरोधात' वर. त्या निवडणुकीत हा पर्याय ५.८ टक्के मतं घेऊन दुसरा आला, हे मात्र कुणी ग्रुपवर टाकलं नाही. दोन्ही मतं मी मनापासून दिली, असं त्या सांगतात: बदल हवा होता म्हणून पहिलं, आणि बदल कोण करतंय ते दिसलं म्हणून दुसरं.

२०२२ च्या तरतुदीप्रमाणे राष्ट्राध्यक्षाला सात वर्षांची एकच मुदत मिळते, म्हणजे तोकायेवांची २०२९ मध्ये संपते. हे तरी खरं मानता का, असं मी त्यांना विचारलं. त्या तक्त्याच्या कडा कात्रीने सरळ करत होत्या. म्हणाल्या, "तारीख लिहून दिली आहे ना? त्या तारखेला गेले, तर मानेन. आणि मग तक्त्यातलं बाकीचंही एकेक करून तपासायला घेईन."